रक्ताचे संशोधक आणि सायटेशनचे आकडे: वाचकांची पत्रं

मागच्या अंकात वैद्यकीय पेपर कसे शोधावेत यावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांमधली तीन पत्रं एकाच गाठीशी, म्हणजे सायटेशनच्या (पेपरला मिळालेल्या उल्लेखांच्या) आकड्यांशी, येऊन थांबतात, म्हणून या वेळी तीच घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी ३१ वर्षं काम केलं आणि त्यातली बरीच वर्षं संशोधकांना संदर्भ काढून देण्यात गेली. औषधांबद्दलचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. कागदांबद्दल मात्र मी बोलू शकते.

पहिलं पत्र: ताई, नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यातला. माझा भाचा ९ वर्षांचा आहे, सिकलसेलचा, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला. वर्षातून चार-पाच वेळा हातपाय असे दुखतात की भरती करावं लागतं. बहिणीच्या दिरानं मोबाइलवर एका मोठ्या शहरातल्या संशोधक डॉक्टरांचं प्रोफाइल दाखवलं. ३१० पेपर, ४१ हजार सायटेशन, एच-इंडेक्स ६२. घरचे म्हणतात, यंदाच्या धानाचे सगळे पैसे लागले तरी चालतील, पण यांच्याकडेच न्यायचं. सध्या ज्या डॉक्टरांकडे नागपूरला नेतो त्यांचे जेमतेम वीस पेपर आहेत. एवढ्या फरकाचा अर्थ काय लावायचा?

दादा, या आकड्यांवरून धानाचे पैसे खर्च करू नका. ते मोठे डॉक्टर खरोखर चांगले असतील, पण ते या तीन आकड्यांवरून कळत नाही. सायटेशन म्हणजे एका संशोधकाच्या पेपरचा उल्लेख दुसऱ्या संशोधकानं आपल्या पेपरच्या शेवटी केला, त्याची नोंद. किती मुलांचं दुखणं कमी झालं, रात्री दोन वाजता कोण फोन उचलतं, हे त्यात कुठेच मोजलेलं नसतं.

ही मोजदाद सुरू झाली ती मुळात वाट शोधण्यासाठी. युजीन गारफिल्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९५५ साली ‘सायन्स’ या जर्नलमध्ये ही कल्पना मांडली आणि १९६४ पासून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’चे जाडजूड खंड निघू लागले. आमच्याकडे ते खंड होते. अक्षर इतकं बारीक की टेबलावर भिंग कायम ठेवलेलं असायचं. रक्तविकारांवर काम करणारा एखादा निवासी डॉक्टर यायचा आणि म्हणायचा, सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं, त्याच्या पुढे कोण कोण गेलं ते हवंय. मग आम्ही खंड उघडून ‘पॉलिंग एल, ४९, सायन्स, ११०, ५४३’ ही ओळ (नाव, वर्ष, जर्नल, खंड, पान) शोधायचो. तिच्याखाली, आमचा खंड ज्या वर्षाचा त्या वर्षी ज्यांनी ज्यांनी तो पेपर उल्लेखला त्यांची नावं असायची. बोट ठेवत खाली जायचं आणि कार्डावर उतरवून घ्यायचं. किती नावं आहेत हे मोजायला त्या काळी कुणी येत नसे. कोणती नावं आहेत, त्यासाठी लोक यायचे. संगणक आल्यावर मोजणं सोपं झालं, आणि जे सोपं झालं तेच लोक करू लागले.

एच-इंडेक्स तर अगदी अलीकडचा. कॅलिफोर्नियातले पदार्थवैज्ञानिक जॉर्ज हिर्श यांनी तो २००५ साली सुचवला. निदान ५ उल्लेख मिळालेले ५ पेपर असतील तर एच-इंडेक्स ५, निदान ६ मिळालेले ६ असतील तर ६, असा तो मोजतात. एखाद्या डॉक्टरांचे सात पेपर आहेत असं धरा. त्यांचे उल्लेख मोठ्यापासून लहान असे मांडले: ४१, २२, ९, ६, ५, ५, २. आता पहिल्यापासून मोजत या. पाचव्या पेपरला ५ उल्लेख आहेत, इथपर्यंत ठीक. सहाव्यालाही ५ आहेत, पण सहाव्या जागी किमान ६ हवे होते. म्हणून त्यांचा एच-इंडेक्स ५. पहिल्या पेपरला ४१ ऐवजी ४ हजार उल्लेख असते तरी तो ५च राहिला असता. हा आकडा वयाबरोबर वाढतो आणि कधी कमी होत नाही. माणूस निवृत्त झाला, दवाखाना बंद केला, तरी तो वाढू शकतो. म्हणून साठीच्या प्राध्यापकांचे ६२ आणि चाळिशीतल्या डॉक्टरांचे ११ शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.

आता ते ४१ हजार. एवढा आकडा कित्येकदा चार-पाच अवाढव्य पेपरांमधून आलेला असतो. जगभरातल्या आजारांच्या ओझ्याचा अंदाज काढणारे ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’चे पेपर घ्या. त्यांवर शेकडो लेखकांची नावं असतात, एकेका पेपरला हजारोंनी उल्लेख मिळतात आणि ते सगळेच्या सगळे प्रत्येक लेखकाच्या खात्यावर जमा होतात. काम खोटं नसतं, वाटा मात्र दिसत नाही. शिवाय उल्लेख म्हणजे कौतुकच असंही नाही. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा १९९८ सालचा ‘लॅन्सेट’मधला पेपर २०१० साली मागे घेतला गेला, तरी तो भरपूर उल्लेखलेला आहे, कारण तो खोडून काढणाऱ्यांनाही त्याचा उल्लेख करावाच लागतो.

नावांचा घोळ वेगळाच. ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. देशमुख’ या नावाचे किती डॉक्टर महाराष्ट्रात असतील? प्रोफाइल आपोआप बनतात तेव्हा एकाचे पेपर दुसऱ्याच्या नावावर चढतात. भाच्यासाठी पाहिलेल्या प्रोफाइलमध्ये रक्तविकारांसोबत मधुमेह, दातांचे विकार आणि शेतीमाती असले विषय मिसळलेले दिसले तर ते एका माणसाचं खातं नाही, एवढं धरून चला.

मग काय पाहायचं? तुमच्या भाच्यासारख्या मुलांवर काम झालंय का, ते पाहायचं. मी तुम्हाला दोन पेपर सांगते. पहिला १९९५ सालचा, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला. अमेरिका आणि कॅनडातल्या २९९ प्रौढ रुग्णांवर हायड्रॉक्सीयुरिया या औषधाची चाचणी झाली. ज्यांना औषध मिळालं त्यांच्यात दुखण्याचे झटके वर्षाला साधारण अडीच, आणि ज्यांना औषध नसलेली नुसती गोळी मिळाली त्यांच्यात साडेचार. सिकलसेलवर लिहिणारा कुणीही हा पेपर उल्लेखल्याशिवाय पुढे जात नाही. दुसरा २०१२ सालचा, ‘हिमोग्लोबिन’ नावाच्या छोट्या, फक्त याच विषयाला वाहिलेल्या जर्नलमधला. तो नागपूरच्या डॉक्टरांचा आहे. आजार तीव्र असलेल्या ६० मुलांवर, वजनाच्या दर किलोला रोज १० मिलीग्रॅम इतक्या कमी आणि ठरावीक मात्रेत तेच औषध देऊन पाहिलं, आणि मुलांना फायदा झाला. उल्लेखांच्या शर्यतीत दुसरा पेपर पहिल्याच्या जवळपासही जाणार नाही. पण पहिल्यातले रुग्ण परदेशातले आणि मोठ्या वयाचे होते. दुसऱ्यातली मुलं तुमच्या भागातली आहेत. तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवायला तुमच्या कामाचा कागद हा आहे.

नागपूरचं या आजाराशी नातं तसं जुनं आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दलचा नागपूरच्या डॉक्टरांचा छोटा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. तेव्हापासून तिथं हे रुग्ण पाहिले जात आहेत. ज्यांचे वीस पेपर आहेत त्या डॉक्टरांना ‘जेमतेम’ म्हणू नका. ओपीडीत रोज शंभर माणसं पाहून वीस पेपर लिहिणं हे सोपं काम नाही, मी ते लिहिणारे डॉक्टर रात्री आठ वाजता ग्रंथालयात पाहिलेले आहेत.

पुढच्या खेपेला त्यांना हे विचारा: भाच्याला हायड्रॉक्सीयुरिया सुरू आहे का, नसेल तर का नाही? असेल तर रक्ततपासणी किती दिवसांनी करायची? न्यूमोकॉकसची (न्यूमोनिया करणाऱ्या जंतूविरुद्धची) लस झाली आहे का? आणि डोक्याची डॉपलर तपासणी. या तपासणीत मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग वाढलेला दिसला तर पुढे पक्षाघाताचा धोका असतो. १९९८ साली १३० मुलांवरच्या अभ्यासात दिसलं की अशा मुलांना नियमित रक्त दिल्यानं तो धोका ९२ टक्क्यांनी घटतो. तुमचा भाचा नऊ वर्षांचा आहे, म्हणजे ही तपासणी करायच्या वयातलाच. डॉक्टरांनी या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली तर तुम्ही योग्य दारात आहात. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांचं मत हवंच असेल तर आधी नागपूरच्या डॉक्टरांकडून सगळे कागद घेऊन पाठवता येतात. मुलाला घेऊन रात्रभर गाडीनं जायची वेळ त्यानंतर ठरवा. पाणी कमी प्यायलं, थंडी लागली, प्रवासात दमला, की याच मुलांचं दुखणं उठतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

दुसरं पत्र: मी पुण्यात पीएच.डी. करते. विषय गरोदर बायकांमधला रक्तक्षय. दोन वर्षं वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन कोण काय खातं ते लिहून घेतलं. चार वर्षांत दोन पेपर झाले आणि एकूण सायटेशन ७, त्यांतली ३ माझीच. माझ्यासोबत लागलेला मुलगा रक्ताच्या कर्करोगाच्या जनुकांवर काम करतो, त्याची ९० झाली. मुलाखतीत हाच आकडा विचारतात. मी विषय चुकीचा घेतला का?

तुला ‘तू’ म्हणते, माझ्या धाकट्या भाचीएवढी आहेस. विषय चुकीचा नाही. ज्या विषयावर जगात हजारो माणसं लिहितात तिथं उल्लेख भराभर होतात, जिथं थोडी माणसं आहेत तिथं हळू. विहिरीच्या खोलीशी त्याचा संबंध नाही, दोर किती जणांनी टाकलाय एवढाच आहे. पण तुझं पत्र वाचून मला जी आठवण झाली ती सांगते, कारण ती तुझ्याच विषयाची आणि मुंबईचीच आहे.

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापडगिरण्यांमधल्या गरोदर बायकांना एक भयंकर रक्तक्षय व्हायचा, लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आणि संख्येनं फार कमी. कित्येक जणी त्यात जायच्या. विल्स यांनी नुसतं रक्त तपासलं नाही. या बायका कुठे राहतात, काय शिजवतात, दूध किती, भाजी किती, हे सगळं पाहायचं ठरवलं. या कामावर पेपरांची एक मालिका निघाली, तिच्यातला दुसरा पेपर १९३० साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. विषय होता मुंबईतल्या बायकांचा आहार आणि त्यांची राहणी. लेखक विल्स आणि तळपदे. तू दोन वर्षं वस्तीत जे केलंस, ते या दोघांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी आपल्याच चाळींमध्ये केलं.

पुढे उंदरांवर आणि माकडांवर आहाराचे प्रयोग झाले. त्यांतून कळलं की मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क, दिल्यावर हा रक्तक्षय सुधारतो. मग तो बायकांना दिला. १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विल्स यांनी ते छापलं. त्या अर्कात काय आहे ते तेव्हा ठाऊक नव्हतं, लोक त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणायचे. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांमधून तो पदार्थ वेगळा केला गेला आणि पानावरून त्याला नाव मिळालं फॉलिक अॅसिड. नाव बदललं तशी विल्स यांची ओळख पुसत गेली. १९९१ साली एका मोठ्या चाचणीतून सिद्ध झालं की आधीच्या बाळाच्या मज्जारज्जूत दोष होता अशा बायकांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अॅसिड घेतलं, तर पुढच्या बाळात तो दोष होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. विल्स यांना हे पाहायला मिळालं नाही, त्या १९६४ साली गेल्या.

आज आशाताई गरोदर बाईच्या हातावर लाल गोळी ठेवते. तिच्यात ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं, १८० दिवस घ्यायची. त्या पाकिटावर कुणाचा संदर्भ नसतो. फॉलिक अॅसिडवर आज लिहिणारा संशोधकही १९३१ चा पेपर क्वचितच उल्लेखतो, कारण ही गोष्ट आता सगळ्यांना माहीतच असते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याच प्रकाराबद्दल लिहून ठेवलंय: शोध इतका अंगवळणी पडतो की त्याच्या मुळाकडे बोट दाखवायची कुणाला गरज वाटत नाही. मीठ आमटीत विरघळलं की दिसत नाही, तसं. सायटेशन मोजणारी यंत्रणा अशा वेळी कमी आकडा दाखवते, आणि काम मात्र लाखो घरांत पोचलेलं असतं.

दुसरं उदाहरण माझ्या हातात असायचं. ‘लॅन्सेट’च्या १९५२ च्या बांधीव खंडात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पान ९०३ आणि ९०४. कागद पिवळा पडून कडा तुटायला आल्या होत्या, म्हणून मी तो खंड झेरॉक्सला देत नसे, समोर बसवून वाचायला देत असे. सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएमचे डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि लंडनचे चार जण. अवघी दोन पानं. तपासणीत ज्यांचं रक्त ‘ओ’सारखं दिसतं, पण ज्यांना ‘ओ’ही चालत नाही, अशा माणसांची पहिली नोंद. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. आज रक्तपेढीतला कुठलाही तंत्रज्ञ हे नाव घेतो, जुळणी करताना मनात धरतो आणि त्यामुळे जीव वाचतात. त्या वेळी तो कुठे ‘सायटेशन’ करतो?

आता तुझ्या मुलाखतीचं. हा आकडा विचारणाऱ्यांना उत्तर द्यावंच लागेल, ते मी नाकारत नाही. आकड्याच्या शेजारी एक ओळ ठेव: किती घरं, किती बायका, त्यातून काय कळलं, कोणत्या आरोग्य केंद्रानं काय बदललं. वैज्ञानिक जर्नलांच्या संपादक-प्रकाशकांनी २०१२ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत एकत्र येऊन असंच म्हटलं की माणसाची निवड जर्नलच्या आकड्यावर करू नका, काम वाचा. २०१३ साली ते ‘डोरा’ (सॅन फ्रान्सिस्को डिक्लरेशन ऑन रिसर्च असेसमेंट) या नावाचा जाहीरनामा म्हणून प्रसिद्ध झालं. मुलाखतीत त्याचं नाव घ्यायला लाजू नकोस.

स्वतःच्या आधीच्या पेपरचा उल्लेख करणं चूक नाही, काम त्यावरच उभं असेल तर तो करायलाच हवा. पण ‘तू माझे पाच घे, मी तुझे पाच घेतो’ असं कुणी म्हटलं, किंवा पेपर तपासणाऱ्यानं आपलेच चार संदर्भ घाल म्हणून सांगितलं, तर नम्रपणे संपादकांना कळव. मी असल्या याद्या पाहिल्या आहेत. विषय रक्तक्षयाचा, आणि मध्येच भलत्याच विषयाचे सहा संदर्भ ओळीनं एकाच माणसाचे. वाचणाऱ्याला ते लगेच दिसतं.

आणि एक गोष्ट आजच कर. ऑर्किड नावाचा, संशोधकाची ओळख पटवणारा १६ आकडी क्रमांक असतो, २०१२ पासून मोफत मिळतो, तो काढ आणि प्रत्येक पेपरला जोड. आमच्याकडे एक डॉक्टरबाई यायच्या. माहेरच्या आडनावानं नऊ पेपर, सासरच्या आडनावानं चौदा, आणि दोन-तीन ठिकाणी दोन्ही आडनावं जोडून. बढतीच्या वेळी समितीसमोर फक्त चौदाच आले. आम्ही दोघींनी बसून जुने खंड काढले, प्रत्येक पेपरच्या पहिल्या पानाची प्रत केली आणि लग्नाच्या दाखल्यासह जोडली. तीन दिवस लागले. बढती त्या वर्षी हुकली, पुढच्या वर्षी मिळाली. बायकांचं काम असं आडनावाच्या फटीत पडतं, याचं मला अजूनही वाईट वाटतं. तू पुढे लग्न कर, न कर, नाव बदल, न बदल, पेपरवरचं नाव एकच ठेव.

तिसरं पत्र: थॅलेसेमियावरचा माझा लेख एका जर्नलनं चार दिवसांत, एकही प्रश्न न विचारता, स्वीकारल्याचा ईमेल आला. १८ हजार रुपये भरा म्हणतात. इम्पॅक्ट फॅक्टर ८.९ लिहिलाय. भरू का?

नका भरू. चार दिवसांत कुणी तज्ज्ञ लेख नीट वाचून सूचना देत नाही. तुमच्या लेखावर एकही प्रश्न आला नाही, हेच फसव्या जर्नलचं मुख्य लक्षण. खरा इम्पॅक्ट फॅक्टर ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’मध्ये दरवर्षी निघतो: आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना त्या वर्षी किती उल्लेख मिळाले, भागिले त्या लेखांची संख्या. बाकी कुणीही ‘ग्लोबल’ किंवा ‘युनिव्हर्सल’ असा शब्द जोडून आकडा विकतं. जर्नलचं नाव तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे न्या, त्या यादीत ते पाच मिनिटांत शोधून देतील. पैसे घेणारी सगळीच जर्नलं वाईट नसतात, चांगली मुक्त जर्नलंही शुल्क घेतात. पण ती ते आधी वेबसाइटवर लिहितात आणि ज्यांना झेपत नाही त्यांना सवलत देतात.

लेख अजून तुमच्याकडे असेल तर त्यांना लेखी कळवा की मागे घेतोय, आणि हक्कांच्या कागदावर सही करू नका. सही केली असेल तर मला पुन्हा लिहा, तो कागद सोबत जोडा.